भूमीवरून हवाई संरक्षण : तोफ, क्षेपणास्त्र आणि काळाचा हिशोब

१. प्रश्नाचे स्वरूप

उडत्या विमानावर जमिनीवरून मारा करणे हा प्रश्न वरकरणी शस्त्राच्या बळाचा वाटतो. मोठी तोफ, लांब पल्ला आणि निष्णात गोलंदाज एवढी सामग्री जमली म्हणजे आकाश सुरक्षित झाले, अशी सर्वसाधारण समजूत असते. वस्तुतः हा प्रश्न प्रथम काळाचा आहे. गोळा नळीतून सुटून लक्ष्यापाशी पोहोचेपर्यंत जो अवधी जातो, त्या अवधीत लक्ष्य जागेवर थांबत नाही. विमान आता आहे तेथे नेम धरून उपयोग नाही. ते काही सेकंदांनंतर जेथे असेल तेथे नेम धरावा लागतो. हवाई संरक्षणाच्या शस्त्रांचा सर्व विकास या एका अडचणीभोवती झालेला आहे.

भारतीय लष्कराच्या हवाई संरक्षण दलाकडील शस्त्रे या दृष्टीने पाहण्याजोगी आहेत. स्वीडनमध्ये जन्मलेली ४० मिलिमीटरची तोफ, सोव्हिएट रशियातून आलेल्या तोफा व क्षेपणास्त्रे, आणि भारतात रचलेले ‘आकाश’ हे क्षेपणास्त्र, अशी ही सामग्री निरनिराळ्या काळी व निरनिराळ्या ठिकाणांहून जमा झाली. म्हणून ती विस्कळित भासते. परंतु यांतील प्रत्येक शस्त्र काळाच्या त्याच अडचणीचे एक वेगळे उत्तर आहे. कोणते उत्तर कोठे पुरे पडते व कोठे अपुरे, हे स्पष्ट झाल्यावाचून एका सैन्याला इतकी भिन्न शस्त्रे का बाळगावी लागतात, हे उमगत नाही.

या दलाच्या इतिहासाचा काही भाग महाराष्ट्रात घडला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० साली, भारतीय सैनिकांच्या विमानविरोधी तुकड्यांची पहिली उभारणी मुंबईत कुलाबा येथे झाली. पुढे या शाखेचे शिक्षण नाशिकजवळील देवळाली येथील तोफखाना विद्यालयात होत असे. १९८९ साली ते ओडिशातील गोपालपूर येथे हलविण्यात आले. १० जानेवारी १९९४ रोजी ही शाखा तोफखान्यापासून विभक्त होऊन स्वतंत्र दल बनली. या विभक्तीमागे संघटनेची सोय होतीच; त्याखेरीज स्थिर वा संथ लक्ष्यावर मारा करण्याची विद्या आणि उडत्या लक्ष्यावर मारा करण्याची विद्या या मुळातच भिन्न आहेत, याची ती मान्यताही होती.

२. तोफेचे गणित

उदाहरणादाखल, एक विमान सेकंदाला २५० मीटर वेगाने जात आहे व त्याचे तोफेपासूनचे अंतर ३ किलोमीटर आहे, असे मानावे. बोफोर्स एल/७० तोफेचा गोळा नळीच्या तोंडाशी सेकंदाला सुमारे १००० मीटर वेगाने सुटतो. हवेच्या विरोधामुळे हा वेग झपाट्याने कमी होतो. सोयीसाठी सरासरी वेग सेकंदाला ७५० मीटर धरला, तर गोळ्याला पोहोचण्यास ४ सेकंद लागतील. तेवढ्यात विमान १ किलोमीटर पुढे गेलेले असेल. म्हणजे तोफेचा नेम विमानाच्या सध्याच्या स्थानापासून १ किलोमीटर दूर असलेल्या एका रिकाम्या बिंदूवर धरावयाचा आहे.

विमान सरळ रेषेत व एकाच वेगाने जात राहिले, तर तो बिंदू काढणे अवघड नाही. वेगाच्या मापनात शेकडा २ इतकी चूक झाली, तरी नेम सुमारे २० मीटरांनीच चुकेल. पण वैमानिकाने याच ४ सेकंदांत वळण घेतले तर? गुरुत्वाकर्षणाच्या तिप्पट, म्हणजे दर सेकंदाला सेकंदागणिक सुमारे ३० मीटर, इतके त्वरण युद्धविमान सहज सोसते. त्वरणामुळे होणारे विस्थापन काळाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते : ३० चा अर्धा गुणिले ४ चा वर्ग, म्हणजे २४० मीटर. तेच विमान १ किलोमीटरवर असते, तर गोळ्यास जेमतेम १·१ सेकंद लागला असता आणि ही चूक १८ मीटरांच्या आसपास राहिली असती.

तोफेच्या मर्यादेचे खरे कारण या वर्गाच्या नियमात आहे. अंतर तिप्पट झाले की नेमाची चूक तेराचौदा पटींनी वाढते. कारण अंतराबरोबर गोळ्याचा वेगही घटत जातो. गोळा भौतिकदृष्ट्या १० किलोमीटर जाऊ शकत असला, तरी वळणे घेणाऱ्या विमानाविरुद्ध त्याचा उपयोग ३ ते ४ किलोमीटरांच्या आतच संपतो. २३ मिलिमीटर व्यासाच्या तोफांचा उपयुक्त पल्ला तर सुमारे अडीच किलोमीटरांचाच मानला जातो.

उरलेली अनिश्चितता तोफ संख्येने भरून काढते. एका गोळ्याने लक्ष्यवेध होण्याची संभाव्यता शंभरात एक मानली, तर शंभर गोळ्यांपैकी निदान एक लागण्याची संभाव्यता सुमारे ०·६३ येते. ‘शिल्का’ या सोव्हिएट वाहनावरील चार नळ्या मिळून मिनिटाला सुमारे ३४०० गोळ्या, म्हणजे सेकंदाला ५७ गोळ्या सोडतात, त्या याच हिशोबाने. मात्र या हिशोबात प्रत्येक गोळी स्वतंत्र आहे असे गृहीत धरलेले असते. नेमाचा बिंदूच चुकला असेल, तर ती चूक साऱ्या गोळ्यांत समान असते व शंभरही गोळ्या एकत्र वाया जातात. शिवाय शिल्काजवळ असलेल्या २००० गोळ्या अखंड माऱ्यात सुमारे ३५ सेकंदांत संपतात. संख्येला अशी मर्यादा आहे. म्हणून नेम सुधारण्यावाचून गत्यंतर नसते.

३. १९४४ चा धडा

नेमाचे हे गणित माणसाच्या हातून वेळेत होणे अशक्य होते. ते करण्यासाठी दोन महायुद्धांच्या दरम्यान ‘प्रेडिक्टर’ नावाची गणनयंत्रे निर्माण झाली. विमानाची दिशा, उंची व अंतर यांवरून ती पुढील बिंदू काढून देत. तरीही १९४० च्या शरद ऋतूत लंडनवरील रात्रीच्या हल्ल्यांत ब्रिटिश तोफांचे यश अत्यल्प होते. त्या वेळी भौतिकशास्त्रज्ञ पी. एम. एस. ब्लॅकेट यांना ब्रिटिश विमानविरोधी विभागाचे शास्त्रीय सल्लागार नेमण्यात आले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या तोफा मागितल्या नाहीत. रडारकडून मिळणारी माहिती प्रेडिक्टरपर्यंत कशी पोहोचते व वाटेत कोठे बिघडते, याचा त्यांनी अभ्यास केला. ज्या विषयास पुढे ‘ऑपरेशनल रिसर्च’ हे नाव रूढ झाले, त्याच्या आरंभीच्या प्रयोगांत या कामाची गणना होते. हेच ब्लॅकेट १९४८ साली भारत सरकारला संरक्षणविषयक शास्त्रीय सल्ला देत होते.

अमेरिकेत याच सुमारास नॉर्बर्ट वीनर यांनी विमानाच्या गतीचे भाकीत संख्याशास्त्राच्या आधारे करण्याची उपपत्ती मांडली. ती त्या युद्धात प्रत्यक्ष तोफेला जोडली गेली नाही. परंतु तिच्यातून निघालेल्या विचारांनी ‘सायबरनेटिक्स’ या शास्त्राचा पाया घातला.

१९४४ च्या उन्हाळ्यात जर्मनीने व्ही-१ ही वैमानिकरहित उडती अस्त्रे इंग्लंडवर सोडण्यास आरंभ केला. तोपर्यंत लक्ष्याचा आपोआप मागोवा घेणारे रडार, विद्युत् प्रेडिक्टर आणि लक्ष्याजवळ येताच रेडिओलहरींच्या योगे स्वतः फुटणारा सान्निध्य-फ्यूज ही तीन साधने हाती आली होती. जुलैमध्ये तोफा लंडनभोवतालच्या प्रदेशातून समुद्रकिनाऱ्यावर नेण्यात आल्या. २८ ऑगस्ट १९४४ रोजी किनाऱ्याकडे आलेल्या ९४ अस्त्रांपैकी ९० पाडण्यात आली व त्यांपैकी ६५ तोफांनी पाडली, असे चर्चिल यांनी नमूद केले आहे.

या यशाचे श्रेय नव्या साधनांना देण्यात येते व ते रास्तच आहे. परंतु एक गोष्ट सहसा दुर्लक्षिली जाते. व्ही-१ मध्ये वैमानिक नव्हता; ते अस्त्र सरळ रेषेत, एका उंचीने व जवळजवळ एका वेगाने उडत असे. प्रेडिक्टरचे जे मूळ गृहीतक, ते या लक्ष्याने आपण होऊन पाळले. वळणातून उत्पन्न होणारी, काळाच्या वर्गाने वाढणारी चूक येथे नाहीशीच झाली होती. हा मुद्दा पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

४. क्षेपणास्त्र : वाटेत चूक सुधारणे

जेट विमानांचा वेग व उंची वाढल्यावर तोफेचे उत्तर अपुरे ठरले. ‘आकाश’ क्षेपणास्त्राचा पल्ला सुमारे २५ किलोमीटर व वेग ध्वनीच्या सुमारे अडीचपट आहे. एवढे अंतर कापण्यास त्याला अर्ध्या मिनिटाहून अधिक काळ लागतो. तेवढ्यात वर मानलेले विमान साडेसात किलोमीटरांपेक्षा अधिक जाईल. इतक्या दीर्घ अवधीचे भाकीत कोणत्याही गणिताने करता येणार नाही. म्हणून क्षेपणास्त्र वेगळा मार्ग पत्करते : आरंभी अंदाज ढोबळ असला तरी चालतो, वाटेत तो सतत सुधारला जातो. सुधारणा कोण करतो, यावरून क्षेपणास्त्रांचे तीन प्रमुख वर्ग पडतात.

पहिल्या वर्गात जमिनीवरील केंद्र लक्ष्य व क्षेपणास्त्र या दोहोंवर नजर ठेवून क्षेपणास्त्राला आज्ञा पाठविते. भारतीय लष्कराकडील ‘ओसा-एके’, ‘तुंगुस्का’ व ‘आकाश’ ही या वर्गातील होत. ओसा-एकेमध्ये रडार व सहा क्षेपणास्त्रे एकाच, पाण्यातूनही जाऊ शकणाऱ्या वाहनावर असतात व पल्ला सुमारे १० किलोमीटरांचा असतो. या पद्धतीत क्षेपणास्त्र साधे ठेवता येते, पण रडारच्या कोनमापनातील चूक अंतराच्या प्रमाणात वाढते. एक मिलिरेडियनची चूक १ किलोमीटरवर १ मीटर असते, ती २५ किलोमीटरवर २५ मीटर होते. ‘आकाश’च्या अग्रभागी ५५ ते ६० किलो वजनाचे स्फोटक का असते, याचे एक कारण येथे सापडते, नेमका आघात झाला नाही, तरी जवळून झालेल्या स्फोटाने काम साधावे लागते.

दुसऱ्या वर्गात जमिनीवरील रडार लक्ष्यावर लहरींचा झोत धरते व लक्ष्यावरून परावर्तित झालेल्या लहरींचा माग काढीत क्षेपणास्त्र जाते. १९७० च्या दशकात भारताने घेतलेले ‘क्वाद्रात’ या प्रकारचे होते. यात जवळ जाता जाता मापन अधिक अचूक होते. मात्र अखेरपर्यंत झोत धरून ठेवावा लागतो.

तिसऱ्या वर्गात क्षेपणास्त्र जमिनीवरील झोतावर विसंबत नाही. शेवटच्या टप्प्यात ते स्वतःच लक्ष्य शोधते. खांद्यावरून सोडावयाचे ‘इग्ला’ व वाहनावरील ‘स्त्रेला-१०’ ही विमानाच्या उष्णतेचा माग घेतात. इग्लाचे स्फोटक सव्वा किलोहूनही कमी असते. त्याचा नेम अखेरीस प्रत्यक्ष आघातापर्यंत सुधारत जातो, म्हणून एवढे पुरते. भारत व इस्रायल यांनी मिळून रचलेले मध्यम पल्ल्याचे क्षेपणास्त्र आपल्या अग्रभागी स्वतःचे रडार बाळगते व त्याचा पल्ला सुमारे ७० किलोमीटर आहे. अंतर वाढले तरी अखेरची अचूकता ढळत नाही, हा याचा गुण. प्रत्येक क्षेपणास्त्राबरोबर एक महाग रडार नष्ट होते, हा दोष.

स्वतः लक्ष्य शोधणाऱ्या क्षेपणास्त्राचा मार्गनियम समुद्रावर वावरणाऱ्यांच्या परिचयाचा आहे. दुसरे जहाज जवळ येत असून त्याची दिशा जर बदलत नसेल, तर टक्कर अटळ असते. क्षेपणास्त्र नेमकी हीच टक्कर साधू पाहते : लक्ष्याकडे जाणाऱ्या दृष्टिरेषेची दिशा बदलू लागली, की त्या बदलाच्या प्रमाणात ते स्वतः वळते.

५. क्षितिज आणि विलंब

क्षेपणास्त्रांनी उंचावरचे आकाश धोक्याचे केल्यावर विमाने जमिनीलगत उडू लागली. पृथ्वीच्या वक्रतेमुळे रडारची दृष्टी मर्यादित असते. ४ मीटर उंचीवरच्या रडारला ६० मीटर उंचीवरचे विमान, मधे काहीही आड न येता, सुमारे ४० किलोमीटरवरून दिसू शकते. पण झाडे, टेकड्या व वस्ती यांमुळे ते प्रत्यक्षात १० किलोमीटरवरच प्रथम दिसणे मुळीच अशक्य नाही. सेकंदाला २५० मीटर या वेगाने ते अंतर ४० सेकंदांचे आहे.

या ४० सेकंदांत लक्ष्य ओळखणे, निर्णय घेणे व शस्त्र सोडणे या साऱ्या क्रिया व्हावयाच्या असतात. त्यांस १५ सेकंद लागले, तर सेकंदाला सरासरी ५०० मीटर वेगाचे क्षेपणास्त्र लक्ष्याला सुमारे ४ किलोमीटरवर गाठील. ३० सेकंद लागले, तर गाठ दीड-पावणेदोन किलोमीटरवर पडेल, आणि तोपर्यंत शत्रूने आपले काम बहुधा उरकलेले असेल. पंधरा सेकंदांच्या विलंबाने सर्वोत्तम शस्त्रही निरुपयोगी होते. हा विलंब शस्त्राची किंमत वाढवून भरून निघत नाही.

म्हणून शस्त्रांचे थर करावे लागतात. ऑक्टोबर १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धात ‘कूब’ क्षेपणास्त्रे (‘क्वाद्रात’ हे त्यांचेच निर्यातीसाठीचे नाव) चुकविण्यासाठी खाली उतरणारी इस्रायली विमाने शिल्काच्या माऱ्यात सापडत असत. कमी पल्ल्याच्या तोफेचे महत्त्व तिने पाडलेल्या विमानांच्या संख्येवरूनच मोजता येत नाही. तिच्या धास्तीने विमानाला वर राहावे लागते, आणि वर राहिले की ते क्षेपणास्त्राच्या टापूत येते. एक थर काढून घेतला, तर दुसराही दुबळा होतो.

६. मित्र की शत्रू

वेग वाढविण्याच्या या घाईला एक भयंकर दुसरी बाजू आहे. २७ फेब्रुवारी २०१९ रोजी काश्मीरमध्ये बडगाम येथे भारतीय वायुदलाच्याच क्षेपणास्त्राने वायुदलाचे एक एमआय-१७ हेलिकॉप्टर पाडले. त्यात वायुदलाचे सहा जण व जमिनीवरील एक नागरिक प्राणास मुकले. त्याच वर्षी वायुदलप्रमुखांनी ही मोठी चूक असल्याचे जाहीरपणे मान्य केले. तेथे क्षेपणास्त्र बिघडले नव्हते. ते आपल्या लक्ष्यापर्यंत अचूक पोहोचले. चूक होती ती ओळखीच्या दुव्यात.

यावरून हवाई संरक्षणाची खरी कसोटी दिसते. निर्णय उशिरा झाला तर शहर वा ठाणे उघडे पडते. घाईने झाला तर स्वतःचीच माणसे मरतात. ही कोंडी फोडण्याचा मार्ग एकच, तो म्हणजे सर्व रडारांची माहिती एकत्र आणून प्रत्येक तुकडीला आकाशाचे एकच चित्र दाखविणे. लष्करासाठी भारत इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी उद्योगाने तयार केलेली ‘आकाशतीर’ ही यंत्रणा हेच कार्य करते. तिचा सुमारे १९८२ कोटी रुपयांचा करार मार्च २०२३ मध्ये झाला. ही यंत्रणा स्वतः एकही गोळी झाडीत नाही. ती अवधी वाचविते व संशय कमी करते.

७. तोफेचे पुनरागमन

मे २०२५ मध्ये भारत व पाकिस्तान यांच्यात झालेल्या संघर्षात पाकिस्तानकडून फार मोठ्या संख्येने ड्रोन सोडण्यात आले. ८ मेच्या रात्री ३६ ठिकाणी ३०० ते ४०० ड्रोन वापरले गेल्याचे भारत सरकारने सांगितले. त्यांच्या प्रतिकारात ‘आकाश’बरोबरच ‘ओसा-एके’ व खालच्या पातळीवरच्या तोफा यांचाही वाटा असल्याचे अधिकृत निवेदनात नमूद आहे. क्षेपणास्त्रांच्या युगात कालबाह्य समजली गेलेली तोफ अशा रीतीने पुन्हा पुढे आली. युक्रेनमध्येही २०२२ पासून जर्मन ‘गेपार्ड’ वाहनांवरील ३५ मिलिमीटरच्या तोफा याच कामी उपयुक्त ठरल्या.

या पुनरागमनाचे कारण वरील गणितातच आहे. हल्लेखोर ड्रोनांपैकी पुष्कळसे संथ असून ठरल्या मार्गाने सरळ जातात. सेकंदाला ५० मीटर वेगाच्या ड्रोनवर दीड किलोमीटरवरून गोळा सोडला, तर गोळ्याच्या २ सेकंदांच्या प्रवासात ते केवळ १०० मीटर सरकते. १९४४ च्या व्ही-१ प्रमाणेच या लक्ष्याने वळण्याचा लाभ सोडून दिला आहे आणि त्याच्या बदल्यात स्वस्तपणा व संख्या पत्करली आहे. तोफेचा जुना शत्रू, काळाचा वर्ग, येथे दुबळा होतो.

तथापि अडचण नाहीशी झालेली नाही. ती जागा बदलून बसली आहे. ड्रोन लहान असल्याने ते रडारला उशिरा दिसते. २३ मिलिमीटरच्या गोळीला ते प्रत्यक्ष लागावे लागते. ४० मिलिमीटरच्या तोफेला सान्निध्य-फ्यूज असलेले गोळे १९७० च्या दशकापासून उपलब्ध झाल्याने तिची बाजू येथे बळकट ठरते. यापेक्षाही मोठी अडचण हिशोबाची आहे. एका लक्ष्यावर ०·७ संभाव्यतेची दोन क्षेपणास्त्रे सोडली, तर यशाची संभाव्यता ०·९१ होते. परंतु शंभर ड्रोनांना दोनशे क्षेपणास्त्रे लागतात, आणि तरीही नऊ ड्रोन निसटण्याची अपेक्षा राहते. पुढच्या रात्री पुन्हा शंभर आले, तर भांडार कशाने भरावयाचे, हा प्रश्न युद्धशास्त्राइतकाच अर्थशास्त्राचा व कारखानदारीचा आहे.

८. निष्कर्ष

तोफ भाकितावर चालते व क्षेपणास्त्र दुरुस्तीवर. ज्या लक्ष्याचे भाकीत करता येते, त्यावर क्षेपणास्त्र खर्चणे ही उधळपट्टी होय. जे लक्ष्य भाकिताला दाद देत नाही, त्यावर तोफेची भिस्त ठेवणे हा आत्मघात होय. आणि या दोहोंपूर्वी लक्ष्य वेळेत दिसले व बरोबर ओळखले गेले पाहिजे. नाहीतर दोन्ही व्यर्थ ठरतात.

एखाद्या राष्ट्राच्या हवाई संरक्षणाचे मूल्यमापन करताना त्याच्याकडील सर्वांत लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्राचे नाव विचारण्याची प्रथा आहे. त्याऐवजी तीन गोष्टी विचारणे अधिक शास्त्रीय ठरेल : लक्ष्य प्रथम दिसल्यापासून पहिले शस्त्र सुटेपर्यंत किती सेकंद जातात, मित्र व शत्रू यांची निवड किती भरवशाची आहे, आणि पहिल्या रात्रीचा मारा झाल्यावर दुसऱ्या रात्रीसाठी किती गोळे व क्षेपणास्त्रे शिल्लक राहतात. या तीन प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर साधी तोफही मोलाची ठरते. ती नसतील, तर सर्वांत महाग क्षेपणास्त्रही उशिरा, चुकीच्या लक्ष्यावर किंवा अखेरचे म्हणून सुटेल.